बेंबी ठिकाणावर

बसवकल्याणजवळच्या मंठाळ गावात घरागणिक भाषा बदलते. बेंबीला कानडी बोलणारे होक्कळ म्हणतात, दखनी बोलणारे बोंबी म्हणतात, शाळेतले गुरुजी नाभी म्हणतात आणि पोरांना हसू येतं. पण पोटात एकदा पिळा पडला की सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य असतं, बेंबी सरकली. खताचं पोतं उचललं, बेंबी सरकली. मोटारसायकल खड्ड्यातून गेली, बेंबी सरकली. लग्नाच्या पंगतीत आपणच आडवा हात मारला आणि सकाळी डबा घेऊन धावपळ झाली, तरी दोष बेंबीचाच.

बरं, हा शब्द पोटावर थांबला असता तरी चाललं असतं. तीन वर्षांत चार नोकऱ्या सोडून हुमनाबादहून परत आलेल्या पोराला म्हणायचं, ह्याची बेंबी ठिकाणावर न्हाई. सासरी न टिकणाऱ्या मुलीला तेच, दर निवडणुकीला पक्ष बदलणाऱ्या पंचायतीच्या मेंबरलाही तेच. त्या मेंबराच्या बाबतीत तर मला वाटतं, बेंबी मुळात बसवलीच नव्हती.

गावातल्या सरकलेल्या बेंब्या जागेवर आणायचं काम बेचाळीस वर्षं सुमनबाई करत आली. वय साठीच्या पुढे, अंगाने काटकुळी, आणि एका जागी बसणं तिला ठाऊकच नाही. चहा पितानासुद्धा ती उभी असते, कपातला अर्धा चहा दारात संपवते, अर्धा गोठ्यात. लोक चेष्टा करायचे, गावाच्या बेंब्या बसवणारीची स्वतःचीच फिरतेय की काय. ती चिडायची. चिडली की आणखी भराभर चालायची.

ही विद्या तिला सासूकडून आली. सासूच्या लहानपणी बेंबी बसवताना तोंडाने काहीबाही मंत्र पुटपुटायची रीत होती. छप्पन सालानंतर घर बौद्ध झालं तेव्हा तो सोडून द्यायचं ठरलं. सासू म्हणायची, मंत्र सोडला, हात ऱ्हायला. सुमनबाईला ते फार आवडायचं. कोणी नारळ आणला, उदबत्ती आणली तर ती परत द्यायची. "ह्यात देव न्हाई, अंगारा न्हाई. आडवं व्हा," एवढंच म्हणायची.

माणूस उपाशीपोटी यायचा. गोणपाटावर उताणा निजायचा. सुमनबाई त्याचे दोन्ही पाय जुळवून अंगठे बघायची, एक वर एक खाली दिसला की मान हलवायची. मग बेंबीत अंगठा दाबून ठोका शोधायची. ठोका बरोबर मधे लागला तर बेंबी ठिकाणावर. वर, खाली, बाजूला लागला तर सरकलेली. मग तेलाचा हात, मग पोटावर पेटती वात ठेवून उपडा तांब्या. तांब्याने पोट ओढून धरलं की माणूस डोळे मिटायचा. शेवटी उजव्या कुशीवर वळून, जमिनीला पाय लागायच्या आत, एक घास भाकरी आणि गूळ खायचा. तो घास पोटात गेल्याशिवाय उठायचं नाही, नाहीतर बेंबी पुन्हा सरकते. निदान गाव तसं मानतं.

सासूने आणखी एक गोष्ट सांगितली होती. ती कोणाला सांगायची नव्हती, हातात ठेवायची होती. "दाबल्यावर दुखलं तर आपलं. सोडल्यावर दुखलं तर दवाखान्याचं." बेचाळीस वर्षांत सुमनबाईने अशी सात-आठ माणसं तेल-तांब्या न करता बसवकल्याणच्या दवाखान्यात पाठवली होती. तिची सून ज्योत्स्ना गावची आशा कार्यकर्ती आहे. सासूचं हे पोट बघणं तिला अजिबात पसंत नाही, पण त्या सात-आठ माणसांमुळे ती भांडण अर्ध्यावर सोडून द्यायची.

आता त्या घासाबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिथेच अडलं.

सासूच्या काळात वरच्या आळीची माणसं पोट घेऊन यायची, पण घास घरून बांधून आणायची. पोटाला हात चालायचा, चुलीवरची भाकरी चालायची नाही. सासू तांब्या काढायची, बाजूला सरायची, आणि ते लोक स्वतःच्या फडक्याची गाठ सोडून स्वतःची भाकरी खायचे. पुढे फडक्याच्या जागी डबा आला. पुढच्या पोरांनी डबाही सोडला. आज कितीतरी जण सुमनबाईच्याच टोपल्यातली भाकरी मोडून खातात आणि वर लोणचं मागतात. पण शिवशंकरप्पांच्या घरचा डबा काही सुटला नाही. खताचं दुकान, दारात गाडी, घरात बसवण्णांची तसबीर, वचनं तोंडपाठ. माणसं वाईट नव्हती. सुमनबाईचा नवरा पिराजी गेला तेव्हा शिवशंकरप्पा सगळा वेळ उन्हात उभे होते. त्यांची बायको गंगम्मा तर तोंडाने कधी वावगं बोलल्या नाहीत. पण बेंबी सरकली की सुमनबाईला बोलावणं यायचं ते बाहेरच्या पडवीत, आणि घास यायचा तो आतून, झाकलेल्या वाटीत. बोलायचं कोणी काही नाही. सुमनबाईच्या आत मात्र दर वेळी काहीतरी चावायचं.

जानेवारीतली गोष्ट. सकाळी सातला गंगम्मा स्वतः सुमनबाईच्या दारात आल्या. असं पूर्वी झालं नव्हतं.

"दानूच्या पोटात दुखायलंय. कालच्यान् बेंबीपशी धरून बसलीय," गंगम्मा म्हणाल्या. दानू म्हणजे दानेश्वरी, त्यांची नात. बारा वर्षांची. आईबाप कलबुर्गीला नोकरीत, पोरगी आजी-आजोबांकडे. "जरा येताव का, सुमनबाई? आन् हे बगा, मी रातभर तिच्यापशी व्हते, चूल पेटली न्हाई. घास तुमच्याच घरचा आना. तुमच्या हातचं खाऊ द्या लेकराला."

सुमनबाईला क्षणभर नीट ऐकल्यासारखं वाटेना. ती "व्हय" म्हणाली आणि आत गेली. टोपल्यात रात्रीची भाकरी होती, ती तिने बाजूला सारली. नवीन पीठ मळलं. ज्वारीची भाकरी थापली, पातळ आणि गोल, फुगलेली. त्यावर तूप सोडलं, गुळाचा खडा फोडला, धुतलेल्या फडक्यात बांधलं. ज्योत्स्ना बसवकल्याणच्या बैठकीला निघाली होती. तिने दारातून विचारलं, "आत्या, एवढं सकाळ सकाळ कुनासाटी?"

"गंगम्माच्या घरी," सुमनबाई म्हणाली, आणि सुनेकडे न बघता म्हणाली, "घास आपल्या घरचा मागितलाय."

ज्योत्स्नाने काही विचारायच्या आत ती रस्त्याला लागली होती. भाकरी छातीशी धरून ती चालत होती आणि फडक्यातून ऊब लागत होती. सासू असायला पायजे व्हती, असं तिच्या मनात आलं आणि डोळे भरून आले. गंगम्माला खरोखर काही वाटलं म्हणून त्या तसं बोलल्या, की नुसती चूल पेटली नव्हती म्हणून, हे सुमनबाईने स्वतःला विचारलं नाही. मीही तिला दोष देत नाही. इतक्या वर्षांनी दार उघडलं की कडी कोणत्या हाताने काढली ते कोण बघत बसतं.

तिला पडवीतून आत नेलं. मधल्या खोलीत पलंगावर दानू होती. एक गुडघा पोटाशी घेतलेला, तोंड सुकलेलं. सुमनबाईने फडकं उशाशी ठेवलं, अंगठे जुळवले. दोन्ही सारखे. बेंबीत अंगठा दाबला. ठोका बरोबर मधोमध, चांगला खणखणीत.

"अज्जी, तितं न्हाई," दानू हळू आवाजात म्हणाली. "काल तितं व्हतं. आता हितं आलंय." आणि तिने उजव्या बाजूला, कमरेच्या हाडाच्या आतल्या अंगाला बोट ठेवलं.

सुमनबाईने तिथे बोटं दाबली. पोरीने ओठ आवळले. बोटं सोडली. पोरगी कळवळून आखडली.

सुमनबाईला कळलं. कळायला अर्धा क्षणही लागला नाही. सोडल्यावर दुखलं तर दवाखान्याचं. आता नेहमीसारखं हात पुसून उठायचं होतं आणि म्हणायचं होतं, गाडी काढा. पण तसं म्हटलं की फडकं न सोडता परत न्यावं लागणार होतं. ती भाकरी परत घेऊन पडवीतून बाहेर पडणार, आणि पुढच्या खेपेला गंगम्माच्या चुलीत जाळ असणार.

"सरकलीय का?" गंगम्माने विचारलं.

"व्हय. थोडी," सुमनबाई म्हणाली.

तिने तांब्या लावला नाही, एवढी तरी बुद्धी तिला झाली. नुसता तेलाचा हात बेंबीभोवती फिरवल्यासारखं केलं, उजव्या बाजूला बोट लागू दिलं नाही. मग फडक्याची गाठ सोडली. दानूने एक घास कसाबसा गिळला. गंगम्माने शेजारी उभं राहून उरलेल्या भाकरीचा तुकडा मोडला आणि सहज आपल्याही तोंडात टाकला. "मऊ झालीय वो," म्हणाल्या.

सुमनबाई बाहेर पडली आणि तिथून तिची जी तगमग सुरू झाली ती सांगता येणार नाही अशी होती. ती तूर काढायला शेतात गेली आणि दोन ओळी झाल्यावर विळा टाकून परत आली. घर झाडलं, पुन्हा झाडलं. तुरीच्या डाळीतले खडे निवडायला बसली आणि सुपात खडे ठेवून डाळच बाजूला टाकली. आपणच आपल्याला समजावत होती, पोरीला गॅस झाला असेल, चुकून जोरात दाबलं गेलं असेल, बारा वर्षांच्या पोरी काय, जरा काही झालं की कळवळतात. मग तिच्या बोटांना पुन्हा ते पोट लागायचं आणि सगळं समजावणं वाहून जायचं. सकाळी ज्या गोष्टीने डोळे भरून आले होते, ती आता आठवली की तिला स्वतःची शिसारी यायची.

काहीतरी काम काढून ती गंगम्माच्या घरावरून दोनदा गेली. दार लोटलेलं होतं. अकरा वाजता तिने ज्योत्स्नाला फोन लावला.

"काय झालं, आत्या?"

"काय न्हाई. कवा येनार हाईस?"

"चार वाजतील. त्या दानूचं कसं हाय?"

"बरं हाय," सुमनबाई म्हणाली आणि फोन ठेवला. एका दिवसात दोन खोटी. पिराजी म्हणायचा, हिला खोटं बोलता येत नाही, आधीच पाय हलायला लागतात. पाय हलत होतेच, पण ते बघायला पिराजी नव्हता.

दोनच्या सुमाराला शिवशंकरप्पा स्कूटरवरून दुकानाकडे निघाले होते, तिच्या दारात थांबले. चेहरा मोकळा. "सुमनबाई, तुमच्या हाताला मानलं पायजे. पोरगीचं दुखनं एकदम थांबलं बगा. अर्दा तास झाला, शांत पडलीय. सकाळच्यान् ओकायली व्हती."

सुमनबाईचा जीव भांड्यात पडला. ती दाराला टेकली. हसलीसुद्धा. शिवशंकरप्पांनी स्कूटर चालू केली, आणि त्या आवाजात तिला शब्द नीट ऐकू आले, एकदम थांबलं.

एकदम. बेंबी बसली की दुखणं असं थांबत नाही. ते ओसरत जातं, सांजपर्यंत. एकदम थांबलेलं दुखणं तिने एकदाच बघितलं होतं, लग्न होऊन आली त्या वर्षी. मळ्यातला एक गडी, दोन दिवस लोळत होता आणि दुपारी उठून बसला, बरं वाटायलंय म्हणाला, पाणी मागितलं. सासूने पोटाला हात लावला आणि बाहेर येऊन नुसती भिंतीला डोकं लावून उभी राहिली. पोट फळीसारखं झालं होतं. दुसऱ्या दिवशी तो गेला.

ती धावली. साठी उलटलेली बाई भर दुपारी वरच्या आळीतून धावतेय म्हणून लोक ओट्यावरून उठून उभे राहिले. पडवीत तिला कोणी थांबवलं नाही, तिने थांबवायला वेळच दिला नाही. दानू डोळे मिटून पडली होती, गंगम्मा तिच्या केसातून हात फिरवत होत्या. सुमनबाईने पोटावर हात ठेवला. पोट कडक, आणि अंग तापलेलं.

"गाडी काढा. ह्या क्षनाला," ती म्हणाली.

"आता कामून? थांबलंय की," गंगम्मा म्हणाल्या. "झोप लागायलीय तिला."

"झोप न्हवं ती. आत फुटलंय काईतरी. अव्वा, गाडी काढा."

"सकाळी तर तुमीच म्हनलाव, बेंबी सरकलीय. आता बसली की मग."

सुमनबाई तिथे उभी होती आणि तिला स्पष्ट दिसत होतं की नुसत्या घाईने ही बाई उठणार नाही. जे दिसतंय ते चांगलं दिसतंय, त्यावर विश्वास ठेवायला कोणाला आवडणार नाही? ती उठेल अशी एकच गोष्ट होती.

"सरकली न्हवती," ती म्हणाली. "सकाळीच कळलं व्हतं मला. मी खोटं बोल्ले."

गंगम्माचा हात पोरीच्या केसात थांबला. त्या उठल्या, दाराशी गेल्या आणि नवऱ्याला फोन लावला. कन्नडात बोलल्या, दोनच वाक्यं, पण आवाज असा होता की सुमनबाईला भाषेची गरज पडली नाही.

बसवकल्याणच्या रस्त्याला गाडीत मागे दानू आजीच्या मांडीवर डोकं ठेवून होती, आणि पायाशी सुमनबाई. तिला कोणी चल म्हटलं नव्हतं. ती बसली होती. रस्त्यावर कामं चालू होती, खडीच्या ढिगाशी गाडी हळू झाली की सुमनबाई पाय सीटखाली रोवून पुढे सरकायची, जणू तेवढ्याने गाडी ढकलली जाणार होती. मधेच ज्योत्स्नाचा फोन आला. सुमनबाईने तिला सगळं सांगितलं, गंगम्माच्या समोर, एकही शब्द न लपवता. ज्योत्स्ना रागावली नाही. "मी दवाखान्यात पुढं जाऊन सांगते. काय खायला दिऊ नका, पानीबी न्हाई," म्हणाली. त्या सरळ आवाजाने सुमनबाईला जास्त लागलं.

दवाखान्यात ज्योत्स्नाने स्ट्रेचर दारातच आणून ठेवलं होतं. डॉक्टरांनी पोट बघितलं, फोटो काढला, अपेंडिक्स फुटलंय म्हणाले. "काय खाल्लंय? कधी?"

"सकाळी भाकरीचा एक घास," सुमनबाई म्हणाली. "मी दिला. मग ओकली."

डॉक्टरांनी तिच्याकडे बघितलं, लिहून घेतलं आणि आत गेले. शिवशंकरप्पा कागदावर सह्या करत राहिले, मग मुलाला कलबुर्गीला फोन करायला बाहेर गेले. ज्योत्स्ना आत-बाहेर करत होती.

पावणेदोन तास. सुमनबाई त्या बोळातून किती वेळा गेली आणि आली ते तिथल्या वॉर्डबॉयला विचारावं लागेल. खिडकीपर्यंत जायची, परत दारापर्यंत यायची. बाकावर गंगम्मा एकट्या बसल्या होत्या, डोळे दारावर. पोरगी गेली तर आपण गावात कुठे तोंड दाखवायचं, असा विचार सुमनबाईच्या मनात आला आणि लगेच तिने तो झटकला, कारण पोरगी गेली तर आपल्या तोंडाचं काय करायचं होतं?

साडेपाचला डॉक्टर बाहेर आले. पोट धुऊन काढलंय, नळी ठेवलीय, दोन-तीन दिवस बघावं लागेल, पण धोका टळलाय असं वाटतं. "संध्याकाळ केली असती तर मला हे बोलता आलं नसतं," एवढं ते म्हणाले आणि पुढे गेले.

गंगम्माने पदर तोंडाला लावला. त्या बराच वेळ रडल्या, आवाज न करता. मग डोळे पुसून त्यांनी मान वर केली.

"सुमनबाई, हिकडं या."

सुमनबाई येऊन समोर उभी राहिली.

"कळलं व्हतं तर कामून बोल्लाव न्हाई?"

गाडीत, बोळात, दिवसभर या प्रश्नाची किती उत्तरं तिने तयार केली होती. म्हातारपण, नजर, चुकून. ती सगळी तिने बाजूला ठेवली.

"तुमी माज्या हातचं खाताव म्हनलाव," ती म्हणाली. "न्हाई म्हनलं असतं तर भाकरी परत न्यावी लागली असती."

गंगम्माला ते कळायला वेळ लागला, आणि कळलं तसा चेहरा आधी रागाने भरला.

"एका घासासाटी?"

"एक न्हाई, अव्वा. माज्या सासूपासनं तुमी घरून बांधून आनलेले समदे."

गंगम्माची नजर दाराकडे गेली, मग स्वतःच्या हातांकडे. बोळाच्या टोकाला कोणीतरी फरशी पुसत होतं. शिवशंकरप्पांचा फोनवरचा आवाज बाहेरून येत होता, मुलाला सांगत होते, वाचली, वाचली म्हणून.

"पोरगी गेली असती," शेवटी गंगम्मा म्हणाल्या.

"व्हय," सुमनबाई म्हणाली. "गेली असती."

गंगम्मा बाकावर थोड्या बाजूला सरकल्या, बस म्हणाल्या नाहीत. सुमनबाई बसली.